दुपट्ट्याखालचा भाव

बालाघाटला मी राहत होतो ती खोली एका घराच्या मागच्या अंगाला होती आणि तिला खिडकी नव्हती. दार उघडं ठेवलं की उजेड यायचा आणि त्याबरोबर समोरच्या राइस मिलचा भुसाही यायचा. त्यामुळे रोज दुपारी मला ठरवावं लागे, आज उजेड घ्यायचा की श्वास. मिलची घरघर इतकी अखंड असे की ती थांबली की मी दचकायचो. भिंतीपलीकडे घरमालकांचं कुटुंब होतं. त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या, मालिकेतलं रडणं, मुलीवरचं ओरडणं, सगळं मला ऐकू यायचं. त्या घरात आज कोण कोणावर रुसलंय हे मला माहीत असे, पण माझं येणं-जाणं मागच्या गल्लीतून, त्यामुळे त्या माणसांचे चेहरे मी क्वचितच पाहिले. माझं त्यांना काही ऐकू जात नसावं. ऐकू जाण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

तांदूळ मी गावाहून नेत असे. आमच्या शेतातला चिन्नोर, बारीक आणि वासाचा. भात शिजायला लागला की वास भिंत ओलांडून जाई आणि घरमालकीणबाई पलीकडून म्हणायच्या, "आज फिर गाँव का चावल चढ़ा है लड़के का." त्या हे मला म्हणत नसत, आपल्या घरातल्या कोणाला तरी म्हणत. तरी मी ते वाक्य ऐकायला थांबायचो. भाताबरोबर आईनं डब्यात भरून दिलेली जवसाची चटणी असे, कधी लाखोळीची डाळ. डाळ शिजायला फार वेळ लागायचा आणि एकट्यासाठी इतकं रॉकेल जाळायला मन धजत नसे, म्हणून बहुतेक दिवस चटणी-भातच. आता घरी गॅस आहे, बायको आहे, दोन मुलं आहेत, पण जेवायला बसल्यावर कोणी बोललं नाही की मला अजून त्या चटणीची चव येते.

मी बी.सी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. आमच्या घराण्यात कॉलेजचं दार पाहिलेला मी पहिला. त्याचं गावात फार कौतुक होतं, आणि ते कौतुक बालाघाटच्या बसमध्ये बसलं की वाटेतल्या वारासिवनीच्या आधीच संपून जायचं. हिंदी मला लहानपणापासून येत होती, आमच्याकडे, सीमेवरच्या गावांत, कोणाला येत नाही? पण ती शेतातली, बाजारातली हिंदी. कॉलेजमध्ये मुलं जी बोलत तिच्यात इंग्रजी शब्द असे बेमालूम मिसळलेले असत की मी वाक्य जुळवेपर्यंत विषय पुढं गेलेला असे. म्हणून मी ऐकतच राहिलो. गप्प बसणाऱ्याला लोक आधी लाजरा समजतात, मग गर्विष्ठ, आणि मग समजणंच सोडून देतात.

लॅबमध्ये चालू असलेले कॉम्प्युटर थोडे आणि आम्ही पुष्कळ. एका मशीनवर दोघं बसायचो. माझा जोडीदार बालाघाटच्याच एका दुकानदाराचा मुलगा होता, स्वभावानं वाईट नव्हता, पण कीबोर्ड त्याच्यापुढं असायचा. मी शेजारच्या खुर्चीवरून पडद्याकडे पाहायचो आणि त्याच्याआधी चूक कुठं आहे ते मला दिसायचं. "वो तीसरी लाइन..." असं मी सुरू करेपर्यंत त्याला ती सापडलेली असे. शेवटच्या सहामाहीत प्रत्येकाला स्वतःचा प्रोजेक्ट करायचा होता. बहुतेकांकडे घरी कॉम्प्युटर होता किंवा आणायचं चाललं होतं. ज्यांच्याकडे नव्हता त्यांच्यासाठी लॅब, आणि लॅबला संध्याकाळी पाचला कुलूप.

अशात विद्यापीठाची सूचना लागली. विद्यापीठामार्फत विद्यार्थ्यांना लॅपटॉप मिळेल, खास विद्यार्थ्यांच्या दरात. पैसे एकदम भरायचे, मशीन महिन्याभरात कॉलेजात येईल. दर बत्तीस हजार. सूचनेवर विद्यापीठाचा शिक्का होता आणि तो शिक्का पाहून मला वाटलं, हा भाव बाजारापेक्षा कमीच असणार. दुसरीकडे चौकशी करावी हे माझ्या मनात आलंच नाही. देवळातल्या प्रसादाचं वजन कोणी करून पाहत नाही, तसं काहीसं ते होतं. मी ऑफिसात नाव द्यायला गेलो तेव्हा तिथल्या बड़े बाबूंनी, म्हणजे हेडक्लार्कनी, नाव लिहून घेतलं आणि म्हणाले, "पिताजी को ले आना. उनसे बात हो जाएगी, फिर जमा कर देना."

मी शनिवारी गावी जाऊन हे जसंच्या तसं बाबांना सांगितलं. बाबा अंगणात होते, बैलाचं दावं वळत. त्यांनी हात थांबवला आणि डोळे बारीक केले.

"बात हो जायेगी, असं म्हणे?"

"हौ."

"बापाले आन म्हणे?"

"हौ बाबा."

"मंग भाव कमी करते थो," बाबा म्हणाले, आणि आईला ओरडून सांगितलं, "माया पांढरा सदरा धुवून ठेव व!"

बाबांचं हे अनुमान कुठून आलं हे समजायला बाबांना ओळखायला हवं. आमची शेती थोडी, पण बाबांचं खरं काम बैलबाजारातलं. आमच्या खैरलांजीच्या आसपासच्या गावांतून कोणाला बैल घ्यायचा-विकायचा असला की बाबांना बोलावणं यायचं. बैल पाहणं, दात पाहणं, चालवून पाहणं, हे सगळं उघड्यावर, चार लोकांत. पण भाव उघड्यावर होत नसे. घेणारा आणि देणारा समोरासमोर बसत, एकजण खांद्यावरचा दुपट्टा काढून दोघांच्या हातांवर टाकी, आणि त्या कापडाखाली बोटं धरून भाव चाले. एक बोट दाबलं की एक हजार, पूर्ण पंजा धरला की पाच. तोंडानं दोघंही पाऊसपाण्याचं बोलत असत. कोण किती उतरला, कोणी किती नाकारलं, हे त्या कापडाबाहेर कोणाला कळत नसे. लहानपणी मी बाबांच्या गुडघ्याला टेकून बसायचो आणि त्या कापडाच्या हालचालीकडे पाहायचो. सौदा मोडला तरी दोघं हसून उठत. बाजारात जाहीर केलेला भाव बाबांनी कधी दिला नव्हता. मोठ्यानं सांगतात ते नवख्यांसाठी, असं ते म्हणत. आणि 'घरच्या मोठ्याले घेऊन ये, बोलून घेऊ' असं कोणी म्हटलं, तर त्याचा त्यांच्या लेखी एकच अर्थ होता.

बाबा सकाळच्या बसनं आले. पांढरा सदरा, पायजमा, खांद्यावर धुतलेला दुपट्टा, सदऱ्याच्या आतल्या खिशात पैसे. आईच्या बकऱ्या आणि दोन हंगामांचा राखून ठेवलेला तांदूळ, असं विकून ते पैसे झाले होते. कॉलेजच्या फाटकाशी बाबांनी चपला झटकल्या. मला म्हणाले, "तू मधात बोलजो नको. सौद्यात दोन तोंडं नाही पायजे."

ऑफिसात त्या दिवशी रांग होती, कारण पैसे भरायचा तो शेवटचा दिवस होता. वर्गातली सहा-सात मुलं उभी होती, काहींचे वडील बरोबर. आमचा नंबर आला. बड़े बाबूंनी मान वर न करता कागद पुढं सरकवला. "अभिभावक? यहाँ दस्तख़त कीजिए."

बाबा हसले. ते त्यांचं बाजारातलं हसू होतं, मी ओळखलं. "करते हैं साब, करते हैं. पहले थोड़ी बात हो जाए."

"कैसी बात?"

बाबांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, उजव्या हातावर टाकला, टेबलावरून हात पुढं केला आणि बड़े बाबूंचा हात, पेनासकट, हळूच त्या कापडाखाली ओढून घेतला.

पहिल्या क्षणी मला काहीच वाटलं नाही. इतकं ओळखीचं होतं ते दृश्य. मला उलट बरं वाटलं, की आता बाबा आलेत, आता सगळं नीट होईल. आणि मग खुर्ची मागं सरकल्याचा आवाज झाला.

"ये क्या है? क्या पकड़ा रहे हो मेरे को?" बड़े बाबू उभे राहिले होते. "सबके सामने? रिश्वत? नौकरी खाओगे क्या मेरी?"

दुपट्टा टेबलावर पडला होता. त्यांनी तो दोन बोटांनी उचलून खाली पाहिलं. खाली बाबांचा रिकामा हात होता आणि त्यांचं स्वतःचं पेन, दुसरं काही नव्हतं. काहीच न सापडल्यामुळे ते अजून चिडले. मागून रांगेतला कोणीतरी म्हणाला, "अरे हाथ माँगने आए हैं! बड़े बाबू, हाँ बोल दो!" आणि सगळी खोली हसली. बाबांना ती चेष्टा कळली. त्यांनी हात मागं घेतला नव्हता. तो तसाच टेबलावर, उताणा, उघडा पडलेला होता.

"नाम काटता हूँ इसका," बड़े बाबूंनी यादीकडे हात नेला. "ऐसे लोगों का चक्कर ही नहीं चाहिए. पीछे दूसरे खड़े हैं."

नाव गेलं असतं तर पुन्हा संधी नव्हती. प्रोजेक्ट लॅबच्या उरल्यासुरल्या वेळात, त्या शेजारच्या खुर्चीवरून, होईल असं मला वाटत नव्हतं, आणि तो झाला नाही तर ते वर्षही गेलं असतं. आणि बाबांनी मला बोलू नको म्हणून सांगितलेलं होतं. मी बोललो. त्या ऑफिसात, खरं म्हणजे त्या कॉलेजात, मोठ्यानं बोललेलं ते माझं पहिलं वाक्य असावं. "सर, ये मेरे पिताजी हैं. बैल-बाज़ार में भाव ऐसे ही होता है, कपड़े के नीचे, हाथ पकड़ के. पैसा नहीं दे रहे थे. भाव पूछ रहे थे."

माझा आवाज चिरकला होता. आधीपेक्षा मोठा हशा उठला. बड़े बाबूही हसले. हसता हसता खाली बसले. "तो हम यहाँ बैल बेच रहे हैं?"

"नहीं साब," बाबा शांतपणे म्हणाले, "बैल होता तो दाँत देख लेते."

आता हसणं जरा वेगळं झालं. एका मुलाचे वडील "वाह" म्हणाले. बड़े बाबूंनी पेन उचललं, यादीपासून हात बाजूला घेतला. "चाचा, ये विश्वविद्यालय का रेट है. फिक्स. इसमें एक रुपया इधर-उधर नहीं होता."

"किसने फिक्स किया?"

"विश्वविद्यालय ने."

"उससे बात हो सकती है?"

"चाचा, लेना है कि नहीं लेना है?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी असं काही विचारलं जे बाजारात त्यांनी कधी कोणाला विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. बाजारात ते ठरवत, विचारत नसत. "परमोद, घ्याचा हाय काय?"

मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं की त्यांना उठून जायचं आहे. दुसऱ्या कुठल्याही जागी ते उठून गेले असते आणि मीही त्यांच्यामागं गेलो असतो. "हौ बाबा," मी म्हणालो. "मले पायजे."

त्यांनी आतल्या खिशातून पुडकं काढून टेबलावर ठेवलं आणि वाकून सही केली, एकेक अक्षर सुटं सुटं काढून. बड़े बाबू नोटा मोजेपर्यंत बाबा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत राहिले. दुपट्टा त्यांनी खांद्यावर टाकला नाही, घडी करून काखेत धरला.

बसस्टँडपर्यंत आम्ही चालत गेलो. रस्त्यात मी चहाचं विचारलं, ते नको म्हणाले. बसस्टँड जवळ आल्यावर त्यांनी विचारलं, "ते हासून राह्यलते, ते तुये दोस्त होते काय?"

"वर्गातले होते."

"दोस्त कोनता त्याच्यातला?"

गावी मी नेहमी सांगत असे की माझे पुष्कळ मित्र आहेत, आम्ही एकत्र अभ्यास करतो, सुट्टीच्या दिवशी वैनगंगेवर फिरायला जातो. वैनगंगेवर मी जात होतो, ते खरं होतं. मी चालत राहिलो. बाबांनी माझ्याकडे वळून पाहिलं, आणि ऑफिसातल्या त्या सगळ्या हसण्यापेक्षा ते पाहणं मला जड गेलं.

"मंग कोनाजवळ बसतं तू?"

"एकटाच बसतो."

"हां," ते म्हणाले. आणि मग, "जेवतं तं बराबर न?"

"हौ."

बस लागली होती. ते खिडकीशी बसले. बस निघताना एरवी ते हात वर करत, त्या दिवशी केला नाही. काखेतला दुपट्टा मांडीवर घेऊन समोरच्या सीटच्या पाठीकडे पाहत होते. मी खोलीवर आलो, भात टाकला. वास भिंतीपलीकडे गेला असणार, पण त्या दिवशी पलीकडे कोणी घरी नव्हतं.

लॅपटॉप महिन्याभरात आला नाही. दुसऱ्या महिन्यातही नाही. दर सोमवारी मी ऑफिसच्या दारात जाऊन उभा राहायचो आणि बड़े बाबू, जे त्या प्रसंगानंतर माझ्याशी बरेच मायेनं वागत, लांबूनच मान हलवत. "अरे बैल-बाज़ार, नहीं आया रे अभी!" तेच माझं नाव पडलं होतं. मुलंही त्याच नावानं हाक मारत. त्यात डंख नव्हता, उलट त्यामुळे काहीजण माझ्याशी दोन शब्द बोलू लागले. पण त्या हाकेला ओ देताना प्रत्येक वेळी मला तो टेबलावर उताणा पडलेला हात दिसायचा, आणि जे बोलू लागले होते त्यांच्यात जाऊन बसावं असं मला वाटेना. प्रोजेक्ट मी लॅबमध्येच पुरा केला. दुपारच्या सुट्टीत सगळे कँटीनला गेले की मशीन मोकळं मिळायचं. त्या रिकाम्या खोलीत पंख्याचा आवाज आणि माझी टकटक. लॅपटॉप आला तेव्हा प्रोजेक्ट जमा करायला आठवडा उरला होता. झाकणावर विद्यापीठाचा शिक्का छापलेला होता. खोलीवर नेऊन मी तो उघडला, सुरू केला, आणि त्याच्यासमोर बसून काय करावं ते मला सुचेना. दाखवायला कोणी नव्हतं.

परीक्षा झाल्यावर एका नोकरीच्या चौकशीसाठी मी बालाघाटहून राजेगावमार्गे गोंदियाला गेलो. बाजारातून जाताना एका दुकानाच्या काचेत तोच लॅपटॉप दिसला, त्याच कंपनीचा, तोच मॉडेल नंबर. मी आत जाऊन भाव विचारला. सत्तावीस हजार, बिलासकट, आणि घासाघीस केली तर कमी होईल असं दुकानदाराच्या बोलण्यावरून दिसत होतं. आज माझी मुलगी चपला घ्यायच्या तरी फोनवर चार ठिकाणचे भाव पाहते, आणि मी तिच्याकडे पाहत बसतो. तेव्हा माझ्याकडे बटणांचा फोन होता, पण आधी न विचारण्याचं खरं कारण ते नाही. गोंदिया काही लांब नव्हतं. बसभाड्याच्या पैशांत विचारून येता आलं असतं.

मला वाटलं, हे बाबांना सांगितलं की ते हसतील. 'पाह्यलं, म्हटलं नोतं मी?' असं काहीतरी म्हणतील, बड़े बाबूंना दोन शिव्या देतील, आणि आमच्या दोघांमधला तो दिवस हलका होईल. म्हणून घरी पोचल्या पोचल्या सांगितलं. आई लाखोळीच्या शेंगा सोलत होती, बाबा अंगणातल्या खाटेवर बसले होते.

"बाबा, गोंदियात तोच लॅपटॉप पाच हजारानं सस्ता हाये."

"अगो माय!" आई म्हणाली.

"बिलाचा?" बाबांनी विचारलं.

"बिलाचा."

"नवा?"

"नवाच."

"अन बैल घ्याले जातेत तं चार बाजार हिंडतेत हे!" आई हसत म्हणाली. "गावातल्या लोकायले नका सांगू, नाहीतं कोनी बोलावनार नाही तुमाले."

बाबा हसले नाहीत. "आपन इच्यारलं काहून नाही?" ते मला म्हणाले. रागानं नाही, खरंच विचारत होते.

"विद्यापीठाचा भाव म्हणून कमीच असन, असं वाटलं मले."

"मलेबी," बाबा म्हणाले. "मलेबी तसंच वाटलं. बाजारात जिंदगी गेली, पन तुया कालेजाची ते इमारत पाह्यली अन मी इच्याराचंच भुललो." ते खाटेवरून उठले. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "आता तुये सौदे तूच पाह्यजो, बापू. मले तिकडचं समजत नाही."

मी काहीतरी म्हणालो, की असं काय बाबा, सगळ्यांचीच फसगत होते. त्यांनी मान हलवली आणि आईच्या हातातल्या शेंगा घेऊन सोलू लागले. बैलबाजारात ते त्यानंतरही जात राहिले, लोक त्यांना बोलावत राहिले. त्यांचं तिथलं मोल कमी झालं नाही. फक्त माझ्या बाबतीत ते बाजूला झाले. शिक्षण घेताना काय काय खर्च होतो याचा हिशेब करायची मला सवय आहे, फी, खोली, पुस्तकं, लॅपटॉप. ते अंगणातलं वाक्य मला त्यात कधी बसवता आलं नाही.

नोकरी लागल्यावर पहिल्या उन्हाळ्यात मी आईला फ्रिज घ्यायचं ठरवलं. तिघंही बालाघाटला गेलो. दुकानात आई एका फ्रिजचं दार उघडायची, आतला गारवा हातावर घ्यायची, पुन्हा बंद करायची. दुकानदारानं भाव सांगितला आणि थांबला. त्याच्या थांबण्यात जागा होती, ती मलाही ऐकू आली. दोन हजार तरी सहज उतरले असते. मी मागं वळलो. बाबा दुकानात नव्हते. काचेतून दिसले, बाहेर पायरीखाली उभे होते, दुकानाकडे पाठ करून, रस्त्यावरचे ट्रक पाहत.

मी दार ढकलून हाक मारली, "बाबा, या न आत. भाव चालू हाये."

त्यांनी मान वळवली. "घे तू," ते म्हणाले, "तुले समजते. मी उभा हाओ इथं." आणि पुन्हा रस्त्याकडे पाहू लागले.

मी आत आलो. दुकानदार अजून थांबलेला होता. त्यानं सांगितला तोच भाव मी दिला.